वॅलेटामध्ये गाडीशिवाय आठवडा निघेल का?

निघेल, आणि गाडी असण्यापेक्षा सुखाने निघेल. माल्टाची ही राजधानी जेमतेम किलोमीटरभर लांब आहे आणि १५६६ पासून तटाच्या आत आखल्या गेलेल्या तिच्या गल्ल्यांपैकी कित्येक चक्क पायऱ्यांच्या आहेत. तिथे गाडी नेऊन करणार काय? तरीही "तिथे आपल्यासारखेच डावीकडून चालवतात, मग बसची वाट कशाला पाहायची?" हा माझ्या मेहुण्यांचा हेका आजतागायत सुटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बंदरापलीकडच्या बिरगू गावी जेवायला जायचे ठरले, तेव्हा मेहुण्यांनी भाड्याची गाडी काढली आणि मी आईला घेऊन तटावरच्या अप्पर बराक्का बागेकडे निघालो. गुडघे धरलेल्या माणसासाठी तिथली लिफ्ट हे वरदानच आहे: २०१२ साली सुरू झालेली ही लिफ्ट ५८ मीटर खाली, थेट बंदराच्या रस्त्यावर उतरवते. समोरच फेरीबोटीचा धक्का. बोट सुटल्यावर आईने मागे पाहिले, तर ज्या कठड्याला टेकून ती मघाशी उभी होती, तो मधाच्या रंगाच्या तटावर पार उंच राहिला होता. पलीकडच्या काठावर, बिरगूशेजारच्या बोरम्लाला उतरून आम्ही काठाकाठाने रमतगमत बिरगू गाठले. मेहुणे अख्ख्या बंदराला वळसा घालून आले, मग जागेसाठी घिरट्या घालत राहिले आणि टेबलाशी पोहोचले तेव्हा आमचे जेवण आटोपत आले होते. त्यावर "रहदारीच तशी होती" हे त्यांचे उत्तर. रहदारीत आपलीही एक गाडी असते, हे त्यांना कोण सांगणार?

वॅलेटात शिरणाऱ्या गाडीची नंबरप्लेट कॅमेरे टिपतात आणि आतल्या वेळेनुसार शुल्क लागते. शिवाय हिरव्या रेषांतली जागा रहिवाशांसाठी राखीव असते.

बसचे बहुतेक मार्ग नगरद्वाराबाहेर, ट्रायटन कारंज्यापाशी सुरू होतात. मदिना (माल्टातलेच जुने तटबंद शहर), विमानतळ, सगळीकडे बस जाते. समोरच्या काठावरच्या स्लीमा गावाला मात्र वॅलेटाच्या दुसऱ्या बाजूच्या धक्क्यावरून बोटीनेच जावे, आणि शेजारच्या गोझो बेटालाही वॅलेटाहून थेट वेगवान बोट आहे.

एक मान्य केले पाहिजे: उन्हाळ्यात भरलेली बस मधल्या थांब्यावर न थांबता निघून जाते, आणि दिंगलीचे कडे किंवा आडबाजूचे किनारे लहान मुलांसह एका दिवसात उरकायचे असतील, तर त्या दिवसापुरती गाडी घ्यायला हरकत नाही. ती विमानतळावरून घ्यावी आणि तिथेच परत करून बसने वॅलेटात यावे.