ब्रेक्झिटनंतर ब्रिटनच्या व्यापाराचं आणि स्थलांतराचं नेमकं काय झालं?

तुम्ही प्रश्नाखाली दोन शंका लिहिल्या आहेत. एक, आयातकर लागलाच नाही तर व्यापाराला त्रास कसला झाला? आणि दुसरी, बाहेरची माणसं कमी व्हावीत म्हणून ब्रिटनने युरोपियन युनियन, म्हणजे युरोपातल्या देशांचा संघ, सोडली (हेच ब्रेक्झिट), तर ती उलट वाढली कशी? दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर बरंचसं एकच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी इंग्लंडमध्ये एका मालवाहतूक कंपनीत कस्टमची कागदपत्रं करते. आधी आमच्याकडे युरोपच्या मालासाठी कस्टमचं वेगळं टेबलच नव्हतं, कारण कामच नव्हतं. मँचेस्टरहून लीड्सला माल पाठवणं आणि मँचेस्टरहून मिलानला पाठवणं, कागदाच्या दृष्टीने फारसा फरक नसायचा. बिल केलं, वाहतुकीची पावती जोडली, ट्रक निघाला. आज त्या कामासाठी वेगळं टेबल आहे आणि त्यावर चार माणसं दिवसभर बसतात.

तारखा थोडक्यात सांगते. २३ जून २०१६ ला जनमत झालं, ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं, पण त्या वर्षाअखेरपर्यंत जुनेच नियम चालू राहिले. खरा बदल झाला तो १ जानेवारी २०२१ ला. आणि त्या दिवसापासून लागू होणाऱ्या व्यापार करारावर एकमत झालं २४ डिसेंबर २०२० ला, म्हणजे जेमतेम आठवडाभर आधी, तेही नाताळच्या सुट्टीत. हजाराहून जास्त पानांचा करार आणि आमच्या हातात आठ दिवस. ते दिवस आठवले की अजूनही पोटात गोळा येतो.

आता कराची गोष्ट. करारात शून्य आयातकर आहे हे खरं आहे. पण तो फक्त 'ब्रिटनमध्ये तयार झालेल्या' किंवा 'युरोपात तयार झालेल्या' मालाला, आणि माल कुठला हे सिद्ध करण्याची जबाबदारी व्यापाऱ्याची. एक शर्ट घ्या. तो बांगलादेशात शिवला, इंग्लंडमधल्या गोदामात आला, कस्टममधून सुटला, आणि तिथून डब्लिनच्या, म्हणजे युनियनमध्येच असलेल्या आयर्लंडच्या, दुकानात गेला. हा शर्ट ब्रिटनचा नाही, त्यामुळे त्यावर युरोपचा साधारण १२ टक्के कर लागतो. तोच शर्ट चितगावहून थेट डब्लिनला गेला असता तर बांगलादेशाला असलेल्या सवलतीमुळे कर शून्य होता. ज्या कंपन्यांनी सगळ्या युरोपचं गोदाम इंग्लंडमध्ये ठेवलं होतं त्यांचं गणितच यामुळे कोलमडलं. ज्यांना जमलं त्यांनी नेदरलँड्समध्ये किंवा आयर्लंडमध्ये दुसरं गोदाम घेतलं. ज्यांना जमलं नाही त्यांनी युरोपची गिऱ्हाइकं सोडली.

आणि कर शून्य असला तरी कागद शून्य होत नाहीत. मालाचा कोड, किंमत, वजन, उगम, दोन्ही बाजूंचं डिक्लेरेशन, आणि खाण्याची वस्तू असेल तर पशुवैद्यकाच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र. ते एक प्रमाणपत्रच शंभर पौंडांच्या वर जातं. मोठ्या कंपनीच्या पूर्ण भरलेल्या ट्रकला ही रक्कम जाणवतही नाही. पण इंग्लंडच्या पश्चिम भागात चीज बनवणारी आमची एक गिऱ्हाईक बाई होती, ती दर महिन्याला ॲमस्टरडॅमच्या एका दुकानाला दोन-तीन खोकी पाठवायची. तिच्यासाठी हे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तिच्या एका खेपेचं सांगते, म्हणजे हे सगळं कसं चालतं ते डोळ्यासमोर येईल. लहान व्यापाऱ्यांचा माल एकत्र करून एका ट्रकमध्ये भरतात. त्या दिवशी आमच्या ट्रकमध्ये अकरा जणांचा माल होता: यंत्रांचे सुटे भाग, पुस्तकं, रंग, आणि तिची चीजची तीन खोकी. चीजच्या प्रमाणपत्रावर शिक्का आणि सही छपाईपेक्षा वेगळ्या रंगाच्या शाईत असावी लागते. छपाई काळी, शिक्काही काळाच बसला होता. चीज उत्तम होतं, आकडे बरोबर होते, पशुवैद्यकाने तपासणी नीट केली होती. तरी पलीकडच्या बंदरावर ट्रक थांबला तो दोन दिवस. सुक्याबरोबर ओलंही जळालं, बाकीच्या दहा जणांचाही माल तिथेच अडकला. त्यानंतर आमच्या कंपनीने मिश्र ट्रकमध्ये खाण्याच्या वस्तू घेणंच बंद केलं. बाईंना मीच फोन केला. त्यांच्या मालात काही खोट नव्हती, हे मला तेव्हाही बोचलं आणि आजही बोचतं.

त्याच महिन्यात, जानेवारी २०२१ मध्ये, हॉलंडच्या बंदरात ब्रिटनहून आलेल्या एका ट्रकचालकाचं फॉइलमध्ये गुंडाळलेलं हॅम सँडविच डच अधिकाऱ्यांनी काढून घेतलं. ते टीव्हीवर दाखवलं, जगभर लोक हसले. मला हसू आलं नाही. बाहेरच्या देशातून मांस किंवा दूध सोबत आणता येत नाही हा युरोपचा जुनाच नियम आहे. नियम बदलला नव्हता. ब्रिटन बाहेरचा देश झाला होता. शिंपल्यांचंही तसंच. ब्रिटनच्या अनेक किनाऱ्यांवरचे जिवंत शिंपले आधी युरोपात जाऊन तिथे स्वच्छ केले जायचे. २०२१ पासून ते स्वच्छ न करता पाठवता येईनात, आणि इथे स्वच्छ करायच्या टाक्या पुरेशा नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा करणाऱ्यांचा पोटापाण्याचा मार्ग एका रात्रीत बंद झाला.

युरोपने पहिल्या दिवसापासून तपासणी सुरू केली. ब्रिटनने मात्र स्वतःकडे येणाऱ्या मालाची तपासणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. अन्नाची प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली ३० एप्रिल २०२४ ला, आणि त्यासोबत डोव्हर बंदरातून आणि समुद्राखालच्या चॅनल टनेलमधून येणाऱ्या अशा मालावर प्रत्येक प्रकाराला २९ पौंडांपर्यंत, एका खेपेला जास्तीत जास्त १४५ पौंड शुल्क लागलं. म्हणजे तीन वर्षं आपले निर्यातदार त्रास काढत होते आणि युरोपचे निर्यातदार मोकळे होते. हे मला सरकारच्या कारभारातलं सगळ्यात अन्यायाचं वाटतं.

उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचाच भाग, पण त्याची जमिनीवरची सीमा युनियनमधल्या आयर्लंडला लागून आहे, म्हणून तिथला गुंता वेगळा आहे. तिथे जमिनीवर सीमा पुन्हा उभी केली तर तिथला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता कराराला धक्का बसला असता. म्हणून तपासणी समुद्रावर आली, म्हणजे एकाच देशाच्या दोन भागांच्या मध्ये. ब्रिटन आणि युनियन यांच्यातल्या २०२३ च्या विंडसर करारानंतर ती पुष्कळ सोपी झाली, पण संपली नाही.

एकूण नुकसान किती? ब्रिटनची स्वतंत्र अर्थसंकल्प संस्था धरून चालते की देशाची उत्पादकता युनियनमध्ये राहिलो असतो त्यापेक्षा दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. बदल्यात नवे करार झाले, त्याचं मोल सरकारच्याच अंदाजाने असं: ऑस्ट्रेलियाशी केलेल्या कराराने अर्थव्यवस्थेत ०.०८ टक्के भर, भारताशी २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कराराने ०.१३ टक्के. मला भारताशी झालेल्या कराराचा मनापासून आनंद आहे, पण आकडे शेजारी ठेवून बघा. दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. सल्ला, सॉफ्टवेअर अशा सेवांची निर्यात चांगली वाढली. आणि २०२५ मध्ये अमेरिकेने कर लावले तेव्हा ब्रिटनला १० टक्के आणि युरोपियन युनियनला १५ टक्के लागले. वेगळं असण्याचा तिथे फायदा झाला.

आता माणसांकडे येते. मालाचं जे झालं तेच माणसांचं झालं: आधी कोणी विचारत नव्हतं, आता कुठून आलात आणि कोणत्या हक्काने, हे दाखवावं लागतं.

जे युरोपीय लोक आधीपासून इथे राहत होते त्यांना इथे राहण्याचा हक्क टिकवायला ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. आमच्या शेजारी एक इटालियन आजी राहतात, चाळीसेक वर्षं इथेच. मुलं इथे वाढली, नवरा इथेच गेला. अर्जासाठी फोनवरून पासपोर्टची चिप वाचायची होती आणि सुरुवातीला ते ॲप फक्त अँड्रॉइडवर चालायचं. त्यांच्याकडे मुलाने दिलेला आयफोन होता. मग माझ्या फोनवर आम्ही ते केलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. नोकरी करणाऱ्यांचे कराचे आकडे सरकारकडे असतातच, त्यामुळे कायम राहायला लागणारं त्यांचं पाच वर्षांचं वास्तव्य संगणकच ठरवतो. आजींनी आयुष्यभर घर सांभाळलं, त्यांच्या नावावर फारसं काही नव्हतं. जुनी पत्रं, दवाखान्याची कागदं, नगरपालिकेच्या कराची बिलं, एकेक गोळा केली. शेवटी मंजुरी आली ती ईमेलने. हातात धरायला कार्ड नाही, कागद नाही. त्यांनी मला विचारलं, "मग मी दाखवू काय?"

युरोपियन लोकांचं मुक्त येणं ३१ डिसेंबर २०२० ला थांबलं आणि त्यांची संख्या खरंच घटली. आज जितके येतात त्यापेक्षा जास्त निघून जातात. पण कामं तशीच राहिली. वृद्धाश्रमात अंघोळ घालायला माणूस हवा, शेतातली स्ट्रॉबेरी वेळेत खुडायला हवी. २०२१ च्या शरद ऋतूत ट्रकचालक इतके कमी पडले की पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने मग जगातल्या सगळ्यांसाठी एकच व्हिसा पद्धत केली, व्हिसासाठी लागणाऱ्या किमान वार्षिक पगाराची अट आधीपेक्षा खाली आणली, शिक्षणानंतर दोन वर्षं काम करायची परवानगी जुलै २०२१ पासून पुन्हा दिली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना दार उघडलं. त्यात युक्रेन आणि हाँगकाँगचे लोक आले. जनमताच्या वेळी निव्वळ स्थलांतर (म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा करून) वर्षाला तीन लाखांच्या आसपास होतं. जून २०२३ पर्यंतच्या वर्षात ते नऊ लाखांच्या वर गेलं. आणखी एक फरक म्हणजे रोमानिया-पोलंडऐवजी भारत, नायजेरिया, पाकिस्तान इथून लोक आले. स्ट्रॉबेरी खुडायला तर आता किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तानहून सहा महिन्यांच्या व्हिसावर माणसं येतात.

म्हणून तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर असं: युनियन सोडल्याने आकडा ठरत नाही. आकडा ठरवायचा अधिकार सरकारकडे येतो, आणि सरकारने तो वापरून दार मोठं केलं. पुढे त्यानेच लावून घेतलं. पगाराची अट २६,२०० पौंडांवरून एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० झाली, परदेशातून काळजीवाहक आणणं बंद झालं, आणि जून २०२५ पर्यंतच्या वर्षात आकडा दोन लाखांच्या आसपास आला.

या सगळ्यात एका गोष्टीकडे कोणी फार बघत नाही. मुक्त येण्याजाण्यात पोलंडचा कामगार मालक वाईट निघाला तर दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जायचा. व्हिसावर आलेला माणूस त्या मालकाशी बांधलेला असतो. कंपनीचा परदेशी माणसं ठेवायचा परवाना रद्द झाला तर नवा प्रायोजक, म्हणजे व्हिसासाठी हमी देणारा मालक, शोधायला साठ दिवस मिळतात. दलालाला लाखो रुपये मोजून आलेली आपली मुलं मी पाहिली आहेत, ज्यांना इथे आल्यावर आठवड्याला दहा तासांचंही काम मिळालं नाही आणि तक्रार करायची सोय नव्हती, कारण तक्रारीने परवाना गेला तर व्हिसाही जायचा.

ब्रिटिशांनी जे गमावलं ते लवकर सांगून टाकते. आयर्लंड सोडून युनियनच्या बाकीच्या सव्वीस देशांत राहण्याचा, काम करण्याचा हक्क गेला. आता १८० दिवसांत ९० दिवस फिरायला जाता येतं, नोकरीसाठी प्रत्येक देशाचा वेगळा परवाना.

मे २०२५ मध्ये लंडनला झालेल्या बैठकीत दोन्ही बाजूंनी अन्नाच्या तपासणीचा करार करायचं ठरवलं. त्यासाठी ब्रिटनला अन्नाबाबत युरोपचे नियम पाळावे लागतील, आणि ते ठरवताना मत देता येणार नाही. त्या संध्याकाळी चीजवाल्या बाईंचा मला बऱ्याच दिवसांनी फोन आला. ॲमस्टरडॅमचं दुकान अजून विचारतं म्हणाल्या, आता पाठवता येईल का? मी सांगितलं, अजून नाही, करार लागू होईपर्यंत प्रमाणपत्र लागणारच. ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी पहिला फोन तुम्हालाच करेन.