सिग्नल, घाट आणि हँडब्रेक

प्रश्न : सिग्नलला दर वेळी हँडब्रेक ओढायचा का? (पुणे)

सपाट रस्त्यावर दहा-पंधरा सेकंदांचं थांबणं असेल तर पायाचा ब्रेक पुरे. सिग्नलवरचा सेकंदांचा आकडा साठ-सत्तर दाखवत असेल तर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा आणि पायांना आराम द्या. पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसणं मात्र सोडा, त्यात रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर तो सोडवणारा भाग) विनाकारण झिजतं. रांगेत तुम्ही शेवटचे असाल तर मागे कुणी येऊन थांबेपर्यंत पाय ब्रेकवरच हवा, कारण हँडब्रेकने मागचे लाल दिवे लागत नाहीत.

प्रश्न : कुंभार्ली घाटात चढावर गाड्या तुंबल्या की मी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतो. मग जळका वास येतो. (चिपळूण)

येणारच, क्लच प्लेट घासतेय! अर्धा क्लच गाडी काढण्यापुरता, उभी ठेवायला नाही. थांबलात की हँडब्रेक ओढा. निघताना पहिला गिअर टाका, हँडब्रेकचं बटण दाबा, पण दांडा वरच धरून ठेवा. थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच सावकाश सोडा. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. नेमका तेव्हा दांडा खाली. घाईत सोडलात तर गाडी मागे येते, फार उशीर केलात तर इंजिन बंद पडतं. आधी एखाद्या रिकाम्या चढावर हात बसवा. आणि पुढच्या ट्रकपासून गाडीभर अंतर राखा, निघताना तोही मागे येऊ शकतो.

प्रश्न : उतारावर नुसत्या गिअरमध्ये गाडी लावली तर चालेल? (सातारा)

नाही, हँडब्रेकही हवा. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. घाटात पुढची चाकं डोंगराच्या बाजूला वळवून ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात पंधरा दिवस गाडी उभी होती, आता मागचं चाक फिरत नाही. (ठाणे)

मागच्या चाकाच्या ब्रेक ड्रममध्ये ओल जाऊन गंज धरला आणि ड्रमला आतून दाबणारे ब्रेक शू चिकटले. हँडब्रेक सोडून पहिला आणि रिव्हर्स टाकत हलकेच पुढे-मागे करून पाहा. नाही सुटलं तर रेस करत बसू नका, मेकॅनिकला बोलवा. पुढच्या वेळी सपाट जागी गिअरमध्ये लावा, चाकांना पुढून-मागून विटा लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. चावी घरात दुसऱ्या कुणाकडे असेल तर गाडी गिअरमध्ये आहे हे सांगून जा. क्लच न दाबता स्टार्टर मारला तर ती उडी मारेल.