आधीच आटलेली हॅट घ्या

प्रश्न : काका, मी मूळची नाशिकची. गेल्या वर्षापासून व्हिक्टोरियात बॅलरॅटजवळ शेतांतून मातीचे नमुने गोळा करायचं काम करते. आठवड्यातले चार दिवस उघड्यावर जातात. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, पण दिवसभर रिपरिप चालते आणि मध्येच असं ऊन पडतं की कान भाजतात. क्रिकेटची टोपी पुरत नाही, रेनकोटच्या हुडमधून आजूबाजूचं दिसत नाही. सोबतचे बहुतेक जण फेल्टची हॅट घालतात. दुकानात दोन पाहिल्या, एक साठ डॉलरची, दुसरी सव्वादोनशेची. दिसायला सारख्याच. खरंच काही फरक असतो का? पावसात टिकणारी कशी ओळखायची?
— एक वाचक, बॅलरॅट

उत्तर : फरक असतो, आणि तो पहिल्या मोठ्या पावसात कळतो. मला तो असाच कळला. मी न्यू साउथ वेल्समधल्या आर्मिडेलला मेंढ्यांच्या कामावर रुजू झालो तेव्हा बाजारातून एक तपकिरी हॅट स्वस्तात आणली होती. ऑक्टोबरात मेंढ्या मोजताना चार तास पावसात उभा राहिलो. काठ केळीच्या पानासारखा दोन्ही बाजूंनी खाली आला. रात्री ती हीटरसमोर ठेवली. सकाळी घालायला गेलो तर कपाळापर्यंत उतरेना, डोक्यावर वाटीसारखी नुसती टेकून राहिली. शेजारच्या फार्मवरच्या म्हाताऱ्या मेंढपाळाने ती हातात घेतली, काठ अंगठा आणि बोटात धरून चोळला आणि म्हणाला, "हिचं आटणं अजून संपलेलं नाही." हॅट निवडताना मी आजही त्याचं हे एक वाक्य धरून चालतो.

फेल्ट हे विणलेलं कापड नव्हे. त्यात ताणा नाही, बाणा नाही. केस न विंचरता राहिले की त्यांच्या जटा होतात, तशा मुद्दाम केलेल्या जटा म्हणजे फेल्ट. केसावर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, दाब आणि घुसळण मिळाली की केस एकमेकांत सरकतात, खवले अडकतात आणि परत मागे येत नाहीत. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की बाळाच्या मापाचा होतो, तो याच कारणाने.

आता हॅट बनते कशी ते पाहा. चांगल्या हॅटमध्ये मेंढीची लोकर नसते, सशाचे किंवा बीव्हर या पाणथळ जागी राहणाऱ्या प्राण्याचे अंगालगतचे मऊ केस असतात. ते हवेने उडवून भोकं असलेल्या एका फिरत्या शंकूवर ओढून घेतात आणि वर गरम पाण्याचा फवारा मारतात. शंकूवरून जे निघतं ते हॅटच्या दुप्पट-तिप्पट मोठं, टोपडं म्हणावं असं काहीतरी असतं. मग ते गरम पाण्यात दाबून, गुंडाळून पुन्हा पुन्हा आटवतात. सशाचे केस साध्या लोकरीपेक्षा बारीक असतात, म्हणून फार घट्ट बसतात. इतकं आटल्यावर पावसात आणखी आटायला फारसं उरत नाही, आणि पाण्याला आत शिरायला वाटही राहत नाही. लोकरीची हॅट जाड असते पण आतून सैल. ती पाणी पिते, जड होते, लोंबते आणि वाळताना आक्रसते. तुमच्या साठ डॉलरच्या हॅटमध्ये बहुधा लोकर आहे.

हे काम बघायचं असेल तर आमच्याकडे या. आर्मिडेलहून पूर्वेला डोंगर उतरलं की मॅकली नदीकाठी केम्पसी गाव लागतं. हॅट बनवणारी अकुब्रा कंपनी 1974 साली सिडनीहून तिथे आली. तिची सुरुवात त्याआधी शंभर वर्षं, 1874 मध्ये टास्मानियात झाली. बेंजामिन डंकर्ली नावाच्या माणसाने सशाच्या केसांची राठ टोकं काढून टाकणारं यंत्र बनवलं, त्यामुळे आतला मऊ भाग फेल्टसाठी सहज वापरता येऊ लागला.

दुकानात गेल्यावर आधी हॅट उलटी करा आणि आतलं वाचा. 'फर फेल्ट' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं 'फेल्ट' किंवा 'वूल फेल्ट' असेल तर ती बाजूला ठेवा. अमेरिकी हॅटमध्ये आत फेल्टचा दर्जा सांगणारे 'एक्स' या अक्षराचे शिक्के असतात. त्यांच्यावरून दोन कंपन्यांच्या हॅटची तुलना करू नका, प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा असतो.

मग काठ अंगठा आणि तर्जनीत धरून हळू चोळा. फर फेल्ट पातळ लागतं, पण त्या पातळपणात दाटपणा असतो, जुन्या नाण्यासारखा. लोकरीचं फेल्ट जाड आणि जरा खरखरीत लागतं, दाबलं की थोडं दबतं. काठ थोडासा वाकवून सोडून द्या. तो आपणहून जागेवर यायला हवा. तसाच वाकडा राहिला तर ती हॅट पावसात मान टाकणार. दुकानदार हो म्हणाला तर काठाच्या खालच्या बाजूला बोट ओलं करून एक थेंब ठेवा. चांगल्या फेल्टवर तो अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोल राहतो.

कडकपणा कशाचा आहे हेही विचारा. काही स्वस्त हॅटना खळ देऊन ताठ केलेलं असतं. ती खळ पाण्यात सुटते आणि काठ ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो. चांगल्या हॅटना पूर्वापार लाखेचा हात देतात. लाख पाण्यात विरघळत नाही. ही लाख आपल्या देशातून जगभर जाते, झारखंडातल्या कुसुम, पळस आणि बोरीच्या झाडांवरून. आमच्या माणदेशात घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. आजोबांची नवी घोंगडी इतकी ताठ असे की जमिनीवर उभी राही. पावसात भिजून भिजून ती मऊ पडली की आजी पुन्हा खळ करायला बसायची. घोंगडीला परत खळ देता येते, हॅटला घरी देता येत नाही. म्हणून हे विकत घेतानाच बघायचं.

आतली पट्टी चामड्याची आणि शिवलेली हवी, चिकटवलेली नको. घाम आणि पाऊस दोन्ही तीच सोसते, आणि काही महिन्यांत तुमच्या कपाळाचा आकार घेते. काठ किमान साडेसात सेंटिमीटर घ्या. ऑस्ट्रेलियाच्या कॅन्सर काउन्सिलनेही उन्हासाठी तेवढाच सांगितला आहे, आणि पावसात मागून पडणारं पाणी कॉलरच्या आत न जाता बाहेर जातं. माप घेताना टेप कानांच्या जरा वरून आणि कपाळाच्या मध्यावरून फिरवा. दोन मापांच्या मधलं डोकं असेल तर मोठी हॅट घ्या आणि चामड्याच्या मागे फोमची पट्टी सरकवा. घट्ट हॅट तासाभरात डोकं दुखवते.

आता भिजल्यानंतरचं. इथेच बहुतेक हॅट मरतात, म्हणून हे नीट वाचा. घरी आल्यावर काठ धरून हॅट झटका. वरचे थेंब कोरड्या सुती फडक्याने केसांच्या वळणाने पुसा, उलटं घासू नका. आतली चामड्याची पट्टी पूर्ण बाहेर उलटा, आणि हॅट त्या उलटलेल्या पट्टीवर उभी करा, म्हणजे काठ टेबलाला टेकत नाही आणि आतून वारा फिरतो. एक दिवस, हवा थंड असेल तर दोन दिवस तशीच राहू द्या. ओली असतानाच काठ हाताने हवा तसा वळवून ठेवा, वाळताना तो तसाच बसतो. हीटर नको, केस वाळवायचं यंत्र नको, बंद गाडीच्या मागच्या काचेखाली तर अजिबात नको. उष्णतेने आधी आकसतं ते चामडं, आणि मग सगळी हॅटच लहान झाली असं वाटतं. पहिली हॅट मी पावसाने नाही, हीटरने गमावली.

एरवी हॅट ठेवताना डोकं खाली, काठ वर अशी ठेवा. उचलताना हॅटच्या डोक्याला समोर असलेली चिमटीची घडी धरून उचलू नका, काठ धरा. चिमटीच्या घडीवर रोज बोटं पडली की तिथेच भेग जाते. वाळल्यावर मऊ ब्रशने धूळ काढा.

सव्वादोनशेची घ्या. माझी दुसरी हॅट एकोणीस वर्षं झाली तरी डोक्यावर आहे, फक्त आतली पट्टी एकदा बदलली. मात्र दिवसभर मुसळधार पडणार असेल तर कोणतंही फेल्ट शेवटी भिजतंच. त्या दिवसासाठी गाडीत मेणकापडाची एक साधी हॅट ठेवा आणि फेल्टला सुट्टी द्या.

प्रश्न : माझे पती वारकरी घरातले. मुलाने मेलबर्नहून त्यांच्यासाठी हॅट आणायचं ठरवलं आहे. सशाच्या केसांची असते म्हणून ते नको म्हणतात. ससा न मारता केस काढता येतात का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, फेल्टसाठी वापरतात ते केस मारलेल्या सशाच्या कातड्यावरून काढलेले असतात. हे झाकून सांगण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियातली बाजू अशी आहे की ससा इथला नाही. 1859 मध्ये शिकारीसाठी व्हिक्टोरियात काही ससे सोडले आणि पन्नास वर्षांच्या आत त्यांनी देशाचा बराच भाग व्यापला. गवत, रोपं, ओढ्याकाठची माती, सगळ्याची त्यांनी वाट लावली. मी स्वतः त्यांनी खाल्लेली कुरणं पाहिली आहेत. म्हणून इथल्या शेतकऱ्याला त्यात वावगं वाटत नाही. पण यजमानांचं मन त्याला तयार नसेल तर त्यांना पटवायला जाऊ नका. मेंढी न मारता कातरलेल्या लोकरीची हॅट घ्या आणि तिला पावसापासून जपा, किंवा मेणकापडाची घ्या. वारीत आषाढाचा पाऊस असतो. तिथे मेणकापडच जास्त उपयोगी पडेल. एवढं मात्र बघा की बऱ्याच हॅटच्या आतली पट्टी चामड्याची असते. मुलाला कापडी पट्टीची शोधायला सांगा.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, ट्रेकिंग करतो. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत फर फेल्ट चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. गगनबावडा, आंबा, आंबोली या पट्ट्यात जेवढा पाऊस पडतो तो झेलायला फेल्ट बनलेलंच नाही. खरी अडचण भिजण्याची नाही, न वाळण्याची आहे. तिथे जुलैत हवाच ओली असते. दोन दिवस पट्टीवर उभी ठेवलेली हॅटही आत ओलसर राहते, मग चामड्यावर पांढरी बुरशी धरते आणि वास येतो. आपल्या लोकांनी त्या पावसासाठी बांबू आणि पानांचं इरलं केलं, ते अगदी विचार करून केलेलं होतं. पाणी जिरवायचं नाही, वरून वाहून जाऊ द्यायचं. फेल्ट ऑक्टोबर ते फेब्रुवारी वापरा. पावसाळ्यात ती कोरड्या सुती पिशवीत, कडुनिंबाच्या सुकलेल्या पाल्यासोबत ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून वारा द्या. कसर लागली तर चांगल्या फेल्टला आधी लागते.

प्रश्न : आजोबा रेल्वेत होते. त्यांची साधारण 1930 च्या सुमाराची विलायती फेल्ट हॅट माळ्यावर सापडली. वाफेवर धरून आकार द्यावा आणि वापरावी असं मनात आहे. कसं करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : वाफेवर धरू नका. कृपया. त्या काळात सशाचे केस फेल्टसाठी तयार करताना पाऱ्याचं संयुग लावत. त्याने केसांची टोकं नारिंगी होत आणि ते लवकर गुंतत. कारखान्यात ती वाफ घेऊन कारागिरांचे हात थरथरायचे, मन बिघडायचं. अमेरिकेत ही पद्धत 1941 मध्ये थांबवली. तुमची हॅट त्याआधीची आहे. तिच्यात पारा असेलच असं नाही, पण असला तर उष्णतेने तो हवेत येतो, आणि ब्रश मारला तर धुळीबरोबर उडतो. म्हणून ती घालू नका, मुलांच्या हाती देऊ नका. हातमोजे घालून, न झटकता, झाकण घट्ट बसणाऱ्या पारदर्शक डब्यात ठेवा. आजोबांचा फोटो असेल तर शेजारी लावा. आणि आतल्या चामड्यावर त्यांच्या नावाची अक्षरं आहेत का ते डब्यात ठेवण्याआधी एकदा बघा. त्या काळी बरेच जण आपली अक्षरं तिथे घालून घेत.