तो १२०/८० वाला माणूस कोण?

ताई,
माझे मिस्टर ४९ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून आमच्यातले शरीरसंबंध जवळजवळ थांबलेत. त्यांना ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. डॉक्टरांचं नाव काढलं की खोलीतून उठून जातात. शेवटी मीच एका ऑनलाइन क्लिनिकच्या ॲपवर त्यांच्या नावाने फॉर्म भरला. वीसेक प्रश्न होते, रक्तदाब वगैरे १२०/८० टाकलं, दहा मिनिटांत झालं. डॉक्टरांनी चॅटवर दोन-तीन गोष्टी विचारल्या, त्याही मीच सांगितल्या. चार दिवसांत गोळ्या घरी आल्या. वाटलं, सुटलो एकदाचे. पण पाकीट बघून ते इतके भडकले की आज अकरा दिवस झाले, धड बोलत नाहीत. दोन वर्षं मी एका शब्दाने तक्रार केली नाही, कधी टोमणा मारला नाही. त्यांच्या भल्यासाठीच केलं ना? आता त्यांना गोळी घ्यायला कसं तयार करू?
– थकलेली बायको

बाई, तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडखळले. अबोल्यापाशी नाही, ‘रक्तदाब वगैरे १२०/८० टाकलं’ यापाशी.

कुठून आणलात हा आकडा? कधी मोजला होतात? तुमच्या त्या ‘वगैरे’तच उत्तर आहे. १२०/८० आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून पाठ असतं, रिकाम्या चौकटीत टाकायला बरं पडतं. दहा मिनिटांत तुम्ही एक आख्खा माणूस तयार केलात. रक्तदाब उत्तम, छातीत कधी दुखलं नाही, इतर औषधं चालू नाहीत. डॉक्टरांनी त्या माणसाला गोळ्या लिहून दिल्या, आणि त्याला त्या बहुधा लागूही पडल्या असत्या. पंचाईत एवढीच, की तो तुमच्या घरात राहत नाही.

ऑनलाइन सल्ल्यावर माझा राग नाही. समोर बसून ज्यांच्या तोंडून हा विषय निघत नाही, ते पुरुष फोनवर टाइप तरी करतात. पण दवाखान्यात डॉक्टर दंडाला पट्टा बांधतात, चेहरा बघतात, दम लागलाय का ते त्यांना दिसतं. फॉर्मच्या पलीकडे बसलेल्या डॉक्टरांकडे तुमच्या उत्तरांखेरीज काहीही नसतं.

आता ती उत्तरं काय असतात ते सांगते. सिल्डेनाफिल, टाडालाफिल या ताठरतेसाठीच्या गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात. सिल्डेनाफिलची चाचणी मुळात हृदयविकारातल्या छातीच्या दुखण्यासाठी चालली होती. ताठरतेसाठी अमेरिकेत तिला मान्यता मिळाली ती १९९८ मध्ये. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळीसुद्धा रक्तवाहिन्याच सैल करते. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब असा कोसळतो की जिवावर बेतू शकतं. म्हणून अशा फॉर्ममध्ये नायट्रेटचा प्रश्न असतोच. तिथे तुम्ही ‘नाही’वर टिक केलंत ना? कशावरून? छातीत आवळलं म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी खिशातल्या पाकिटात ठेवून फिरणारी आणि बायकोला घोर नको म्हणून तिच्याशी अवाक्षर न काढणारी माणसं असतात. तुमचे तसे नसतीलही. पण दोन वर्षं जे एका गोष्टीवर बोलले नाहीत, ते दुसरीवर बोलले असतीलच असं कसं धरून चाललात?

आणि ते १२०/८० मला यासाठीही खुपतंय. लिंगातल्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन ते चार. धमन्या आतून बुजायला लागल्या की अरुंद वाहिनीत आधी कळतं. हृदयाची तक्रार सुरू होण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी पुष्कळ पुरुषांत ताठरतेची तक्रार दिसते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, रक्तदाबाची किंवा नैराश्याची काही औषधं, यातलं काहीही मागे असू शकतं. शरीराने निरोप धाडला होता, तुम्ही त्यावर ‘सर्व ठीक’चा शिक्का मारून तो परत पाठवलात.

आणखी एक प्रश्न बहुतेक फॉर्ममध्ये असतो : झोपेतून उठताना ताठरता असते का? असेल, तर रक्तपुरवठा आणि नसा बऱ्यापैकी शाबूत आहेत आणि गाठ मनात असण्याची शक्यता जास्त. नसेल, तर शोध शरीरात घ्यायचा. हे जगात एकाच माणसाला माहीत. त्याच्या वतीने तुम्ही काय लिहिलंत, ‘कधीकधी’? आपल्या नावाचं पाकीट उघडताना त्यांना कळलं असेल, की बायको आपला आवाज लावून कुणा परक्याशी आपल्या पहाटेबद्दल बोलून आली. माझा जीव तिथे त्यांच्यासाठी तुटला, तुमच्यासाठी नाही. दोन वर्षं तक्रार केली नाही, हे तुम्ही फार अभिमानाने लिहिलंयत. त्या गप्प बसण्याचा त्यांनी काय अर्थ लावला, हे कधी विचारलंत?

तेव्हा गोळीसाठी त्यांना पटवायचं नाही. पाकीट कपाटात वरती ठेवून द्या. तसंही ही गोळी इच्छा निर्माण करत नाही, मनात ओढ असेल तरच काम करते. अकरा दिवसांच्या अबोल्यात ती पोटात गेली काय नि कपाटात राहिली काय!

रक्तदाब मोजायचं मशीन घरी आणा, मनगटाचं नको, दंडाला पट्टा लावायचं. ते त्यांच्यासमोर ठेवून एवढंच बोला : “मी तुमच्या नावाने खोटं लिहिलं. तुमचं बीपी मला माहीत नव्हतं, मी १२०/८० ठोकून दिलं.” पुढे ‘पण तुमच्याच भल्यासाठी’ जोडायचं नाही. जीभ चावा हवी तर. त्याच दिवशी क्लिनिकलाही कळवा, की आधीची उत्तरं रुग्णाची नव्हती. हे लिहायला लाज वाटेल. वाटू द्या.

मग आधी तुमचा हात पट्ट्यात घाला, नंतर त्यांना म्हणा. अर्धा तास आधी चहा-कॉफी-सिगारेट नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पट्टा हृदयाच्या पातळीत, पाच मिनिटं शांत. मोजताना बोलायचं नाही. तुम्हा दोघांना त्याची सवय आहेच, निदान एकदा तरी ती उपयोगी पडेल. एका मिनिटाने पुन्हा मोजा. आकडा १८०/१२० च्या घरात आला आणि छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर ॲप-बिप बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं. नुसता जास्त आला, किंवा जिना चढताना छातीत आवळतं असं त्यांनी कबूल केलं, तर समोरासमोर डॉक्टर, आणि तोवर गोळीला हात नाही.

सगळं ठीक निघालं तर नवा फॉर्म ते भरतील, दार लावून, तुम्ही बाहेर. आणि मशीनवर आलेला आकडा कागदावर उतरवायला पेन त्यांच्या हातात द्या.