श्रीकांत मोघे यांना संगीत नट म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय की मोघे मूळचे गद्य नट, म्हणजे गाणी नसलेल्या नाटकांतले, मग त्यांची आठवण निघाली की लोक एका संगीत नाटकाचंच नाव का घेतात? आणि तुमच्या ग्रुपला ते नाटक करायचंय, तर त्यांचं काम कुठे बघायला मिळेल? पहिल्या प्रश्नावर आमच्या घरात लग्नकार्यात भांडणं झालीत, म्हणून लिहायला बसलो.

ते नाटक म्हणजे 'लेकुरे उदंड जाली', १९६६ सालचं. लिहिलं आमच्या नाशिकच्या वसंत कानेटकरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, त्यातला नवरा राजशेखर मोघ्यांनी केला. मूल नसलेल्या जोडप्याची गोष्ट आणि नाव मात्र समर्थांच्या ओवीतलं. समर्थांनी तप केलं ती टाकळीही आमचीच, त्यामुळे काही नाशिककर त्याचंही श्रेय घेतात. घेऊ देत.

आमचे मामा पेटी वाजवतात. त्यांच्या मते ज्याच्या पदाला वन्समोअर पडतो तो संगीत नट, बाकीचे सुरात बोलणारे. पुरावा म्हणून ते गायक नट रामदास कामतांना पुढे करतात. मला मान्य आहे, 'मत्स्यगंधा'तलं 'देवाघरचे ज्ञात कुणाला' ऐकलं की आजही मी हातातलं काम ठेवतो. पण ते नाटकही कानेटकर-अभिषेकींचंच, फक्त दोन वर्षं आधीचं. त्याच दोघांनी पुढे मुद्दाम वेगळा घाट घातला. 'मत्स्यगंधा'त नाटक थांबून पदाला वाट देतं. 'लेकुरे'त नवरा-बायको बोलता बोलता वाक्य सुरात शिरतं आणि हशा यायच्या आत परत बोलण्यावर येतं. तिथे ताना घ्यायला जागाच नाही.

हे मामांना पटेना, म्हणून त्यांनी करून दाखवलं. सातपूरच्या एका कंपनीच्या कलामंडळाने यातले दोन प्रवेश बसवले होते, मी प्रॉम्प्टिंगला होतो. मामांनी राजशेखरासाठी क्लासवाला गवई आणला. आवाज खणखणीत. बायको तावातावाने काहीतरी विचारते, त्याने तिला चटकन सुरात उत्तर द्यायचं. याने डोळे मिटले, कानाशी हात नेला आणि आलाप सुरू केला! बायको बिचारी ट्रे घेऊन उभी. आधी एका पायावर, मग दुसऱ्या. कपबश्या किणकिणायला लागल्या आणि प्रेक्षक त्यालाच हसले. मामा पेटीवर खूश, मान डोलावतायत. प्रवेश संपल्यावर म्हणाले, "गाणं जमलं." गाणं जमलं हो, नाटक मेलं त्याचं काय?

मोघ्यांचं मोठेपण इथे आहे. देखणा, उंच माणूस, स्वच्छ वाणी, दिल्लीला आकाशवाणीवर मराठी बातम्या वाचलेला. शब्द कुठे सोडायचा आणि सूर कुठे पकडायचा याचं भान अंगात होतं. पुलंबरोबर 'वाऱ्यावरची वरात' केलेला, 'तुझे आहे तुजपाशी'तला श्याम केलेला नट तो, विनोदाची वेळ चुकणार कशी? माझ्या लेखी असा माणूसच पूर्ण संगीत नट. पदं पाठ असलेले गवई पैशाला पासरी मिळतात.

आता, ते कामतांपेक्षा मोठे गायक होते असं मी म्हणत नाही, कोणी तसा अर्थ काढून भांडायला येऊ नये. आणि जुन्या पदांच्या नाटकाला मामांचाच नियम लागू. 'मत्स्यगंधा'ला गवईच हवा.

बघायचं म्हणाल तर 'सिंहासन' (१९७९) आणि 'उंबरठा' (१९८२) या सिनेमांत ते आहेत, पण तिथे गाणारे मोघे सापडणार नाहीत. मार्च २०२१ मध्ये पुण्यात ते गेले, तेव्हा सगळ्यांनी तोच राजशेखर आठवला.

तुमच्या नाटकाचं म्हणाल तर आधी नट निवडा, सूर बरा असला तरी पुरे. महिनाभर गाणी बोलून घ्या, पेटी नंतर आणा. आणि पेटीवाला असा बघा की जो नाटक वाचून येईल. आमचे मामा सध्या रिकामे आहेत, सिडकोत राहतात, एका फोनवर येतील. त्यांना घेऊ नका.