दूध मोरीत ओतण्याआधी

सोमवारी सकाळी सात वाजायच्या आत फोन आला. आवाज दबका होता आणि मागे नळ वाहत होता. नळ मुद्दाम सोडलाय, हे मला नंतर कळलं. घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती बाथरूमचं दार लावून बोलत होती.

"मॅडम, मी शनिवारी वाइन घेतली. तेव्हापासून बाळाला पाजलेलं नाही. दूध काढून मोरीत ओततेय. अजून किती दिवस ओतायचं?"

किती दिवस, असं तिने विचारलं. किती तास, असं नाही. बारा वर्षं मी स्तनपान समुपदेशनाचं काम करते आहे. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा असाच, दाराआडून. म्हणून तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहिते आहे.

बाळ साडेपाच महिन्यांचं, जन्मापासून अंगावरच पिणारं. हिचं माहेर नाशिकचं. फेब्रुवारीत द्राक्षांचा हंगाम असतो, कॉलेजच्या मैत्रिणी जमल्या आणि गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत जायचं ठरलं. बाळंतपणानंतर ही पहिल्यांदाच बाळाला सोडून बाहेर पडत होती. निघताना पोटभर पाजलं, एका वेळेचं दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलं, बाळ आईच्या हवाली केलं. तिथे चाखायला म्हणून पाच प्रकारची वाइन थोडी थोडी घेतली आणि वर जेवताना एक पूर्ण ग्लास. चार ते सहाच्या मधली गोष्ट. घरी आल्यावर बाळाने काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने घेतलं, काही बिघडलं नाही.

बिघडलं ते रात्री. बाळ झोपल्यावर तिने मोबाईलवर शोधायला सुरुवात केली. कुणी लिहिलं होतं, 'दूध विषारी होतं'. कुणी लिहिलं होतं, 'पंपाने सगळं काढून फेका म्हणजे स्वच्छ होईल'. मग सुरू झालं ते काढणं आणि ओतणं. रविवारी पुण्याला सासरी आली, सासूबाईंना सांगितलं की दूध आटलंय. त्या बिचाऱ्या लगेच हळीव भिजत घालायला उठल्या. बाळाला पावडरचं दूध बाटलीतून द्यायला घेतलं, ते बाटलीला तोंड लावेना. रात्रभर रडलं. सासूबाईंनी दृष्ट काढली. हिची उजवी बाजू दगडासारखी झाली, काखेच्या बाजूला गाठ लागायला लागली.

मी तिला विचारलं, "आत्ता तुला चढलेली आहे का?"

"नाही हो! परवाची गोष्ट आहे ती."

"मग दुधातूनही ती परवाच उतरली. नळ बंद कर आणि आधी बाळाला घे."

फोनवर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ती रडायला लागली.

तिला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर सांगते, कारण सगळा घोळ इथेच होतो. दारू पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून दुधात. रक्तात जेवढं प्रमाण, साधारण तेवढंच दुधात. रिकाम्या पोटी घेतली तर अर्ध्या ते एक तासात ते सर्वांत जास्त असतं, जेवणासोबत घेतली तर एक ते दीड तासात. पण दुधात गेलेली दारू तिथे अडकून बसत नाही. रक्तातलं प्रमाण उतरायला लागलं की दुधातली दारूही परत रक्तात येते आणि यकृत ती संपवतं. त्यामुळे पंप लावून ती लवकर उतरत नाही, जशी डोक्यावर गार पाणी ओतून किंवा कडक कॉफी पिऊनही उतरत नाही. तिला लागतो फक्त वेळ. छाती जड झाली, दुखायला लागली तर आराम पडण्यापुरतं दूध काढावं, आणि ती वेळ उलटलेली नसेल तर तेवढंच ओतून द्यावं. दारू घेण्याआधी काढून ठेवलेलं दूध मात्र निर्धास्त द्यावं.

'विषारी' या शब्दाचंही बोलायला हवं. वाइनमध्ये अल्कोहोल असतं १२-१३ टक्के. या मुलीच्या दुधात, अगदी सर्वांत जास्त असतानाही, ते एका टक्क्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास गेलं असेल. म्हणून ते बाळाला द्यायला हरकत नाही, असं मी म्हणणार नाही. लहान बाळाचं यकृत आपल्यापेक्षा बरंच सावकाश काम करतं. १९९१ पासून झालेल्या अभ्यासांत दिसलंय की आईने दारू घेतल्यावर पुढच्या काही तासांत दुधाचा वास बदलतो, बाळ नेहमीपेक्षा कमी पितं आणि त्याची झोप तुटक होते. पान्हा फुटायला जे ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक लागतं, तेही दारूने दबतं. 'बिअर घे, दूध वाढेल' असं सांगणाऱ्या मावश्या मला अजून भेटतात. बार्लीत काही गुण असेलही, पण बिअरमधलं अल्कोहोल पान्हा अडवतं. नाचणीची आंबील घ्या, तिने कुणाचंच नुकसान नाही.

आता मापाचं बोलू. इथे मी स्वतः एकदा चुकले आहे. सुरुवातीच्या काळात एकीने विचारलं, "मॅडम, एखादी बिअर चालते का?" मी म्हटलं, "क्वचित एखादी घेतलीस तर दोन तास थांब आणि मग पाज." महिन्याभराने तिच्या बोलण्यातून कळलं की तिची 'एखादी' म्हणजे ६५० मिलीची स्ट्राँग बिअरची आख्खी बाटली. ८ टक्क्यांच्या त्या बाटलीत साधारण ४० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे ३० मिलीचे चार छोटे पेग! मी सांगितलेले दोन तास त्याला कुठे पुरणार होते? सुदैवाने तिचं बाळ आठ-नऊ महिन्यांचं होतं आणि ती क्वचितच घेत होती. पण ती गोष्ट मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी 'किती घेतली' एवढ्यावर थांबत नाही. बाटली केवढी, ग्लास केवढा, वर किती टक्के लिहिलंय, तुझं वजन किती, पोटात काही होतं का, हे सगळं विचारते.

३० मिलीच्या एका छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं, मग ती व्हिस्की असो की ब्रँडी. १०० मिली वाइनमध्येही तेवढंच. अमेरिकेत ज्याला 'एक ड्रिंक' म्हणतात ते १४ ग्रॅमचं, म्हणजे दीडशे मिली वाइन. तिथली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते की पाजणाऱ्या आईने अजिबात न घेणं सर्वांत सुरक्षित; घेतलीच तर दिवसाला एका ड्रिंकच्या वर जाऊ नये आणि प्रत्येक ड्रिंकमागे किमान दोन तास थांबून मग पाजावं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये क्वचित घेण्याची मर्यादा घातली ती आईच्या वजनाच्या किलोमागे अर्धा ग्रॅम. आपल्याकडे ४८-५२ किलोच्या आया खूप. त्यांना हे दोन तास पुरत नाहीत. मी प्रत्येक ड्रिंकमागे अडीच तास धरायला सांगते, तेही शेवटचा घोट घेतल्यापासून.

मग आमचा हिशेब झाला. चाखायची पाच मापं ३० मिलीची धरली, दीडशे झाले. वर दीडशेचा ग्लास. ३०० मिली वाइन म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, दोन ड्रिंकांहून जरा जास्त. वजन ५२ किलो, म्हणजे तिची मर्यादा होती २६ ग्रॅम. थोडी ओलांडली होती, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. उगाच गोंजारण्यात अर्थ नसतो, आणि आयांना ते कळतंही. शेवटचा घोट सहाला, तर साडेअकरा-बाराच्या सुमाराला दूध पूर्ण स्वच्छ. म्हणजे शनिवारी मध्यरात्री बाळ उठलं तेव्हा तिने त्याला बिनघोर जवळ घेतलं असतं तरी चाललं असतं. त्यानंतर ओतलेला थेंब न् थेंब चांगला होता.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असतं तर मात्र मी हा हिशेब मांडलाच नसता, सरळ 'नको' म्हटलं असतं. इवलंसं बाळ दर दोन तासांनी मागतं. तिथे थांबायला फट कुठे असते?

एक गोष्ट मोबाईलवरच्या सल्ल्यांत सहसा नसते आणि मला ती दुधाइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे आई बाळाला कुशीत घेऊनच झोपते. एरवी त्या झोपेतही तिचं लक्ष असतं. बाळ कण्हलं तरी ती जागी होते. दारूने नेमकी हीच जाग जाते. घेतलेल्या माणसाच्या अंथरुणात बाळ कधीच नको, मग ती आई असो की बाप. बाप शेजारी झोपणार असेल तर त्यालाही हाच नियम. त्या रात्री बाळ पाळण्यात आणि घरातलं एक माणूस न घेतलेलं, एवढं आधी ठरवायचं आणि मगच ग्लास हातात घ्यायचा.

दोन दिवसांनी ती बाळाला घेऊन आली, सोबत सासूबाई. उजवी बाजू बरीच उतरली होती. फोनवरच सांगितलं होतं, जोरात चोळू नकोस, पंप बाजूला ठेव, बाळालाच पाज, मधल्या वेळात गार पाण्याची घडी ठेव. ताप आला तर डॉक्टर गाठ. ताप आला नव्हता. बाळाने पहिल्या दिवशी जरा आढेवेढे घेतले आणि मग जे धरलं ते सोडेचना. सासूबाईंना तिने शनिवारची खरी गोष्ट सांगून टाकली होती. त्या माझ्यासमोर एवढंच म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मी दृष्ट काढत बसले नसते, बाळाला तुझ्याजवळच दिलं असतं." आणि मग जरा अवघडून त्यांनी त्यांचा स्वतःचा प्रश्न काढला. बाळंतपणापासून त्या सुनेला रोज दशमूलारिष्ट देत होत्या. बाटलीवर त्यांनी आता चष्मा लावून वाचलं होतं, आंबवण्यातून आपोआप तयार होणारं अल्कोहोल ५ ते १० टक्के. "मग मीच तिला रोज पाजत होते की काय?"

खूप प्रामाणिक प्रश्न होता. आसव-अरिष्टांत अल्कोहोल असतंच. पण ३० मिली घेतलं तरी ते दोन-अडीच ग्रॅमच्या पुढे जात नाही, छोट्या पेगच्या पाव हिश्शाएवढं. मी म्हटलं, वैद्यांनी दिलंय तेवढंच आणि तेवढेच दिवस घ्या, शक्यतो पाजून झाल्यावर लगेच. मग मी त्यांना ब्रँडीचं विचारलं. त्यांच्या पिढीत सर्दी झाली की बाळाच्या छातीला ब्रँडी चोळायची, कधी चमच्यात दोन थेंब चाटवायची पद्धत होती. त्या म्हणाल्या, "बाटली आहे घरात." ती बाळासाठी कधीच वापरू नका, असं मी हात जोडून सांगितलं. बाळाची कातडी पातळ, तिच्यातूनही दारू आत शिरते. आणि तोंडाने दिलेल्या थेंबांनी रक्तातली साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. आईच्या दुधातून येणाऱ्या अंशापेक्षा हे कितीतरी जास्त घातक आहे, आणि हे घरोघरी प्रेमाने केलं जातं.

हा सगळा हिशेब कधीतरी घेणाऱ्या आईसाठी आहे. माझ्याकडे अशीही एक येऊन गेली जिला रोज संध्याकाळी लागायची, घरात कुणाला पत्ता नव्हता आणि सकाळी न घेतल्यास हात कापायचे. तिला मी तासांचं गणित सांगितलं नाही, आणि 'आजपासून बंद कर' असंही म्हटलं नाही. रोजची सवय एकदम तोडली तर फिट येऊ शकते. तिला डॉक्टरांच्या देखरेखीची गरज होती. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, तिथवर मी तिच्यासोबत गेले. बाळाला त्या काळात वरचं दूध दिलं, आणि तेच योग्य होतं. तिनेही पहिल्या भेटीत मला तोच प्रश्न विचारला होता, 'एखादा पेग चालतो का?' शब्द तेच असतात. म्हणून उत्तर देण्याआधी मी खुर्ची जवळ ओढते आणि घरच्यांना जरा बाहेर बसायला सांगते.

नाशिकची मुलगी जायला निघाली तेव्हा म्हणाली, पुढच्या महिन्यात नणंदेचा साखरपुडा आहे, घरचेच लोक गच्चीवर बसणार. आम्ही कागदाच्या मागे लिहिलं: आठ वाजता पाजायचं, लगेच जेवायला बसायचं, जेवणासोबत एकच ग्लास, दीडशे मिलीचा, मोजून, नऊच्या आत संपलेला. साडेअकराच्या आधी बाळ उठलं तर फ्रिजमधलं दूध, बाळ पाळण्यात. सासूबाईंनी तो कागद माझ्या हातून घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "त्या रात्री पाळणा माझ्या खोलीत."