सहा लाख हदिसा आणि इमाम बुखारी: हिशेब नेमका कशाचा?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. पैगंबर मुहम्मद (स.) यांचं निधन ६३२ साली झालं आणि त्यांच्या हदिसा, म्हणजे वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदी, 'सहीह बुखारी' या ग्रंथात जमवणारे इमाम बुखारी जन्मले ८१० साली, मग मधल्या पावणेदोनशे वर्षांचं काय? सोळा वर्षांत सहा लाख हदिसा तपासायच्या म्हणजे रोजच्या शंभरावर झाल्या, हे शक्य तरी आहे का? त्यातून ग्रंथात साडेसात हजार घेतल्या, म्हणजे बाकीच्या खोट्या ठरल्या का? आणि वाचायला सुरुवात कुठून करावी?

आधी आकडा बघू, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. हदीसचे दोन भाग असतात. एक मतन, म्हणजे प्रत्यक्ष वचन. दुसरा इस्नाद, म्हणजे ते वचन कोणी कोणाकडून ऐकलं त्या नावांची साखळी. मुहद्दिस, म्हणजे हदिसांचे जाणकार, मोजायचे ते साखळीप्रमाणे. एकच वचन दहा वाटांनी आलं, तर त्या दहा हदिसा धरल्या जात. बुखारींची पहिलीच हदीस घ्या: 'कर्मं हेतूंवर ठरतात.' बुखारींनी ती हुमैदींकडून ऐकली, त्यांनी सुफियान इब्न उयैनांकडून, त्यांनी यह्या इब्न सईद अन्सारींकडून, त्यांनी मुहम्मद इब्न इब्राहीम तैमींकडून, त्यांनी अल्कमा यांच्याकडून, आणि अल्कमांनी दुसरे खलिफा हजरत उमर यांना मिंबरवरून (मशिदीतल्या प्रवचनपीठावरून) सांगताना ऐकलं. यह्यांपर्यंत वाट एकच आहे. यह्यांकडून ऐकणाऱ्यांची संख्या मात्र शेकड्यांत सांगितली जाते. वचन एकच, पण मोजणीत त्याच्या किती हदिसा झाल्या बघा! सहा लाखांचा आकडा असा वाढतो.

म्हणून त्याला सोळा वर्षांनी भागून उपयोग नाही. त्या साखळ्या बुखारी लहानपणापासून ऐकत, पाठ करत आले होते. ग्रंथातला साडेसात हजारांचा आकडाही पुनरुक्तीसह आहे. आजच्या छापील क्रमांकांनुसार ७,५६३ हदिसा भरतात, आणि पुनरुक्ती वगळून ग्रंथाचे नंतरचे भाष्यकार इब्न हजर यांनी २,६०२ मोजल्या. बाकीच्या खोट्या का, याचं उत्तर तर बुखारींनीच देऊन ठेवलंय: ग्रंथ फार लांबेल म्हणून कितीतरी सहीह (अस्सल ठरलेल्या) हदिसाही मी सोडल्या. त्यांचे गुरू इसहाक इब्न राहवैह एकदा म्हणाले होते की सहीह हदिसांचा एक आटोपशीर ग्रंथ कोणी केला तर बरं. तिथून हे काम सुरू झालं.

बुखारींची खरी कमाई मला पाठांतरापेक्षा माणसं ओळखण्यात दिसते. ते बुखारा शहरातले (आताचं उझबेकिस्तान), वडील लहानपणीच गेलेले, आईने वाढवलेलं. अकराव्या वर्षीचा एक प्रसंग त्यांनी स्वतः सांगितलाय. दाखिली नावाचे गुरू वाचून दाखवत होते, 'सुफियान यांनी अबू जुबैर यांच्याकडून, त्यांनी इब्राहीम यांच्याकडून...' हा मुलगा मध्येच म्हणाला, 'अबू जुबैर यांनी इब्राहीम यांच्याकडून काही सांगितलेलंच नाही.' गुरू रागावले. मुलगा म्हणाला, 'मूळ वही जवळ असेल तर बघा.' गुरू आत गेले, वही पाहून बाहेर आले आणि विचारलं, 'मग कसं आहे ते, बाळ?' 'अबू जुबैर नव्हे, जुबैर इब्न अदी.' गुरूंनी त्याच्याच हातातला बोरू घेऊन आपली प्रत दुरुस्त केली.

जमिनीचा व्यवहार करताना जाणता माणूस नुसता सातबारा बघत नाही, जुने फेरफारही काढतो. कोणाकडून कोणाकडे गेली, तेव्हा तो माणूस हयात होता का, दोघांचा संबंध काय. बुखारींची पद्धत अशीच होती. दोघे एकाच काळातले होते एवढं त्यांना पुरत नसे, त्यांची भेट झाल्याचा पुरावा लागे. त्यांचे शिष्य इमाम मुस्लिम यांनी ही अट इतकी कडक ठेवली नाही.

सोळाव्या वर्षी आई आणि भावाबरोबर ते हजला गेले आणि शिकायला तिकडेच राहिले. मदिनेत, पैगंबरांच्या कबरीजवळ, चांदण्या रात्रींत त्यांनी 'अत्-तारीखुल कबीर' लिहायला घेतला. बारा हजारांवर कथनकर्त्यांच्या नोंदींचा हा कोश हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने छापला. आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता, त्याच्याच राजधानीत हे काम झालं, याचं मला फार अप्रूप आहे. या नोंदींची भाषाही बघण्यासारखी आहे. बुखारी कोणाला सहसा खोटारडा म्हणत नाहीत. 'त्याच्याबद्दल लोक गप्प राहिले' एवढंच लिहितात, आणि जाणकार समजतात की तो माणूस बाद झाला.

आता मधली पावणेदोनशे वर्षं. तो काळ कोरा नव्हता. पैगंबरांचे सोबती अबू हुरैरा यांचे शिष्य हम्माम इब्न मुनब्बिह यांची वही आजही उपलब्ध आहे. हदीसचे जाणकार जुहरी (मृत्यू ७४२) यांनी खलिफांच्या सांगण्यावरून हदिसा लिहून काढल्या. इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांचा 'मुवत्ता' हा हदीसग्रंथ बुखारींच्या जन्माआधीचा. तरीही गोल्डत्सिहर आणि शाख्त या पाश्चात्त्य अभ्यासकांनी साखळ्यांवर घेतलेले आक्षेप झटकून टाकू नका. साखळीच नंतर जोडली गेली असेल तर, हा प्रश्न खराच आहे, आणि त्यावर अभ्यासकांत वाद चालू आहे. परंपरेच्या आतही दहाव्या शतकात दारकुत्नी या मुहद्दिसांनी बुखारींच्या काही हदिसांवर बोट ठेवलं होतंच. शिया पंथीयांचे हदीसग्रंथ तर वेगळेच आहेत.

शेवटचे दिवस कष्टाचे गेले. कुरआनच्या उच्चारणाविषयीच्या वादात निशापूर (आताच्या इराणमधलं शहर) सोडावं लागलं. बुखाऱ्याला परतले, तर तिथल्या अमीराने वाड्यावर येऊन ग्रंथ शिकवायला सांगितलं. ज्ञान मी कोणाच्या दारी नेत नाही, हवं तर माझ्या मशिदीत या, असा निरोप त्यांनी पाठवला. गाव सुटलं. ८७० साली ईदच्या रात्री समरकंदजवळच्या खर्तंक गावी, नातेवाइकांकडे त्यांचं निधन झालं.

ग्रंथ पुढे टिकला तो शिष्यांमुळे: फिरब्री, त्यांच्याकडून कुश्मीहनी, त्यांच्याकडून करीमा मर्वजिया. अकराव्या शतकात मक्केत राहणाऱ्या या बाईंची प्रत फार विश्वासाची मानत. बगदादचे मुहद्दिस आणि इतिहासकार खतीब बगदादी यांनी हजच्या काळात त्यांच्यापुढे अख्खा सहीह बुखारी पाच दिवसांत वाचला.

वाचायला लागाल तेव्हा ती पहिलीच हदीस घ्या, आणि सुरुवातीची नावं गाळू नका. एकेक नाव काढून कोण, कुठला, कधी वारला ते वहीत लिहा. सहा नावांना तुम्हाला आठवडा लागेल. मग प्रकरणांची शीर्षकं लक्षपूर्वक वाचा. बुखारींचं स्वतःचं मत त्या शीर्षकांत असतं, आणि एकच हदीस पुन्हा पुन्हा का येते हेही तिथेच उलगडतं.